उपसर्ग, प्रत्यय आणि इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून विषय निवडताना मी मनाशी ठरवले, की वर्गात उद्या उपयोगी पडेल असेच काही बोलावे. इंग्रजी शब्दांच्या आधी लागणारे उपसर्ग आणि मागून लागणारे प्रत्यय, हा आजचा विषय. ऐकायला तो परीक्षेच्या पुस्तकातला वाटेल. मला मात्र तो इतिहासाचा, नात्यांचा आणि आपल्या मुलांच्या आत्मविश्वासाचा विषय वाटतो. का वाटतो, ते सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण आज इथे बसने आले असतील. 'बस' या शब्दाचा मूळ अर्थ काय? प्रवासी नेणारी गाडी, हे आजचे उत्तर झाले. मुळात या शब्दाला स्वतंत्र अर्थच नाही. तो नुसता प्रत्यय आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये, आधी नांत शहरात आणि १८२८ पासून पॅरिसमध्ये, भाडे देईल त्या कुणालाही घेऊन जाणाऱ्या घोड्यांच्या मोठ्या गाड्या सुरू झाल्या. त्यांना 'ऑम्निबस' हे नाव पडले. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीअर याने तशीच गाडी लंडनच्या रस्त्यावर आणली. 'ऑम्निबस' हे लॅटिन रूप आहे आणि त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. त्यातले 'ऑम्नि' म्हणजे सर्व, आणि 'बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. संस्कृतात आपण 'देवेभ्यः', 'सर्वेभ्यः' म्हणतो ना? त्यातला 'भ्यः' आणि लॅटिनमधला 'बस' हे एकाच कुळातले. पुढे लोकांनी लांब नाव तोडले. तोडताना शब्द टाकून दिला आणि प्रत्यय ठेवून घेतला! १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली बस सुटली, तेव्हा तिच्या नावात आपल्या 'भ्यः'चा भाऊ बसलेला होता.

मला आज जे सांगायचे आहे ते या एका उदाहरणात आले आहे. मराठी मूल इंग्रजीकडे रिकाम्या हाताने जात नाही. शब्द पुढून आणि मागून कसा वाढतो, हे त्याला मराठीने आणि मराठीतल्या संस्कृतने आधीच शिकवलेले असते. आपण ते त्याला आठवून देत नाही, एवढीच अडचण आहे.

आता पहिला मुद्दा घेतो. इंग्रजीचा सगळा इतिहास तिच्या प्रत्ययांमध्ये साठलेला आहे.

इंग्रजीचा सर्वांत खालचा थर अँग्लो-सॅक्सन लोकांच्या बोलीचा. 'अन', 'मिस', 'फुल', 'लेस', 'नेस', 'डम', 'हूड', 'ली' हे त्या थरातले. 'हॅपी'चे 'अनहॅपी', 'अनहॅपी'चे 'अनहॅपिनेस', अशी घरगुती जोडणी. यातले काही प्रत्यय एकेकाळी धडधाकट शब्द होते. 'किंगडम', 'फ्रीडम', 'विज्डम' यांतला 'डम' हा जुना 'दोम', म्हणजे निवाडा, अधिकार. त्याचाच स्वतंत्र राहिलेला वंशज 'डूम' आजही इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ विनाशाकडे गेला. 'चाइल्डहूड'मधला 'हूड' म्हणजे जुना 'हाद', अर्थ दर्जा, अवस्था. आणि 'ली'? 'फ्रेंडली', 'स्लोली' यांतला तो एवढासा 'ली' म्हणजे 'लिक', आणि 'लिक' म्हणजे शरीर, रूप. 'फ्रेंडली' म्हणजे मित्राच्या रूपाचा. शेकडो वर्षे जिभेवर घासला गेला आणि शरीराचा प्रत्यय झाला.

हे आपल्याला परके आहे का? सोनार, लोहार, कुंभार हे शब्द घ्या. सुवर्णकार, लोहकार, कुंभकार यांतला 'कार' म्हणजे करणारा. तो घासत घासत 'आर' उरला. सोनार म्हणताना कुणाला 'करणारा' आठवतो? कुणालाच नाही. इंग्रज माणसालाही 'फ्रेंडली' म्हणताना शरीर आठवत नाही. भाषा दोन, वाट एकच.

दुसरा थर आला तो तलवारीबरोबर. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीन शतके दरबार, न्यायालय, मोठ्या लोकांची घरे फ्रेंच बोलत राहिली. १३६२ मध्ये न्यायालयात इंग्रजी बोलावे असा कायदा झाला, आणि तो कायदाच लिहिला गेला फ्रेंचमध्ये. या काळात 'मेंट', 'एज', 'अन्स', 'एबल', 'इटी' हे प्रत्यय आत आले. 'पार्लमेंट', 'गव्हर्नमेंट', 'मॅरेज', 'व्हिलेज', 'लिबर्टी' ही त्यांची घराणी. शब्द पाहा आणि राज्य कोणाचे होते ते ओळखा. स्वातंत्र्याला इंग्रजीत आजही दोन शब्द आहेत. 'फ्रीडम'मध्ये गावकऱ्याचा प्रत्यय आहे, 'लिबर्टी'मध्ये दरबाराचा.

तिसरा थर ग्रंथांतून उतरला. प्रबोधनकाळापासून विद्वानांनी ग्रीक आणि लॅटिन भाषांचे दार उघडले आणि 'अँटी', 'हायपर', 'टेलि', 'ऑटो', 'इझम', 'लॉजी' यांची रीघ लागली. हे तिसरे कुटुंब बोलीतून वाढलेले नाही, ते लेखणीने वसवले आहे. 'सायंटिस्ट' हा शब्द किती जुना असेल? न्यूटन स्वतःला सायंटिस्ट म्हणवत नव्हता, कारण त्याच्या काळी तो शब्दच नव्हता. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर तो बनवला आणि १८३४ मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला. विज्ञान शतकानुशतके चालू होते, पण तो पेशा होण्यासाठी एक प्रत्यय लागावा लागला.

या 'सायंटिस्ट'वर बरीच नाराजी होती. अंग लॅटिन आणि शेपूट ग्रीक, असा संकर शुद्धतेच्या भक्तांना खपत नसे. 'टेलिव्हिजन'वरही तोच आक्षेप आला, कारण 'टेलि' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. डॉर्सेट परगण्यातले कवी आणि भाषाभ्यासक विल्यम बार्न्स तर आणखी पुढे गेले. व्याकरणाला त्यांनी 'स्पीचक्राफ्ट' म्हटले आणि १८७८ साली त्या नावाने पुस्तक काढले. इंग्रजीने आपल्या मातीतले प्रत्यय वापरून नवे शब्द घडवावेत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या भाषाशुद्धीच्या चळवळीची आठवण होते ना? बार्न्स यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण भाषा चालते ती लोकांच्या सोयीने. आपणच पाहा. 'गैरसमज' या शब्दात 'गैर' अरबी आणि 'समज' आपली. 'भांडखोर'मध्ये भांडण आपले आणि 'खोर' फारसी. 'मास्तरकी' आणि 'डॉक्टरकी' यांत तर शब्द इंग्रजी आणि 'की' पाटीलकीतली. यातला एकही शब्द मराठीला आज परका वाटत नाही. प्रत्यय परक्या शब्दाला चिकटला, की तो शब्द आपल्यात आला असे समजावे.

आता दुसरा मुद्दा. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या मनातला खरा ठेवा इथे आहे.

१७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाने आलेले असू शकत नाही, या तिन्ही एका जुन्या भाषेतून निघालेल्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. हे आपण इतिहासात वाचतो आणि पुढे जातो. पण त्याचा उपयोग इंग्रजीच्या तासाला कुणी करतो का?

करून पाहू. संस्कृतात नकारासाठी 'अ' आणि 'अन्' आहेत. व्यंजनाआधी 'अ' येतो, जसे अज्ञान, अशक्य. स्वराआधी 'अन्' येतो, जसे अनादर, अनंत. आता ग्रीक पाहा. तिथेही 'अ' आणि 'अन्'च आहेत, आणि नियमही हाच. 'ॲटम' म्हणजे 'अ' अधिक कापणे, जो कापता येत नाही तो. 'ॲनिमिया'त पुढे स्वर असल्यामुळे 'अन्' आला, अर्थ रक्ताचा अभाव. 'ॲनॉनिमस' म्हणजे 'अन्' अधिक नाव. आपला 'अनाम' आणि तो 'ॲनॉनिमस' पुढून आणि मागून, दोन्हीकडून नात्यातले आहेत. लॅटिनमध्ये तोच नकार 'इन' झाला आणि इंग्रजीच्या घरगुती थरात तोच 'अन' झाला. 'अनहॅपी'तला 'अन', 'इन्करेक्ट'मधला 'इन', 'ॲटम'मधला 'अ' आणि अज्ञानातला 'अ', ही चार घरांत वाढलेली एकाच आईची लेकरे आहेत.

पुढे चला. ग्रीक 'पेरि' म्हणजे आपला 'परि', सभोवार. 'पेरिमीटर' म्हणजे परिमिती. भूमितीच्या वर्गात आपण हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहितो आणि भाषांतर झाले असे मुलांना सांगतो. अहो, तिथे भावंडांची भेट झालेली असते! 'परि' तोच आणि मोजण्याचा धातूही तोच. लॅटिन 'इंटर' म्हणजे आपला 'अंतर्'. लॅटिन 'सब' आणि ग्रीक 'हायपो' म्हणजे आपला 'उप'. नगराजवळचे ते उपनगर, आणि लॅटिनमध्ये 'उर्ब्स' म्हणजे शहर, म्हणून 'सबर्ब'. लॅटिन 'सुपर' आणि ग्रीक 'हायपर' म्हणजे आपला 'उपरि', आणि इंग्रजी 'ओव्हर'ही त्यांच्याच घरातला. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', 'दुर्'. 'डिसेंट्री' या आजाराच्या नावात 'डिस' आणि 'एंटेरॉन' आहेत. एंटेरॉन म्हणजे आतडे, आणि तोच संस्कृतात 'आंत्र'. दुर् अधिक आंत्र! आपल्याकडे हा शब्द इंग्रजी म्हणून आला, पण त्याचे दोन्ही अवयव आपल्या ओळखीचे निघाले.

इथे एक सावधगिरी सांगतो. ध्वनी सारखा दिसला की नाते जुळवायचे, हा खेळ मी सांगत नाही. तो फार चालतो आणि त्याने फार नुकसान केले आहे. वर सांगितलेली नाती तुलनात्मक भाषाशास्त्राने ध्वनिनियमांच्या कसोटीवर तपासलेली आहेत. 'डिसेंट्री'तला ग्रीक 'डिस' वेगळा आणि 'डिसऑनेस्ट'मधला लॅटिन 'डिस' वेगळा. ऐकायला एक, कुळे दोन. शिक्षकाने अशा ठिकाणी शब्दकोश उघडावा, तर्क लढवू नये.

आणि संधी! इंग्रजीत विरुद्धार्थी शब्द शिकवताना मुलांना तक्ता पाठ करायला लावतात. 'पॉसिबल'चे 'इम्पॉसिबल', 'लीगल'चे 'इल्लीगल', 'रेग्युलर'चे 'इर्रेग्युलर'. मुलाला वाटते उपसर्ग तीन आहेत. उपसर्ग एकच आहे, 'इन'. पुढे 'प' आला की ओठ आधीच मिटतात आणि 'न'चा 'म' होतो. पुढे 'ल' आला की 'न'चा 'ल' होतो. ज्या मुलाने उत् अधिक लेख बरोबर उल्लेख, तत् अधिक लीन बरोबर तल्लीन, सत् अधिक जन बरोबर सज्जन अशी व्यंजनसंधी केली आहे, त्याला यात नवीन काय आहे? पुढच्या वर्णाचे रूप घेण्याची ही खोड त्याने आधीच पाहिली आहे. 'इल्लीगल'च्या स्पेलिंगमध्ये दोन एल का, हे त्याला पाठ करावे लागणार नाही. एक उपसर्गाचा, एक शब्दाचा. स्पेलिंगमध्ये भल्याभल्यांना चकवणारा 'अकॉमोडेशन' घ्या. लॅटिनचे 'ॲड' आणि 'कॉम' हे दोन उपसर्ग एकापुढे एक लागले, 'ॲड'मधल्या डीचा पुढच्या सीला मिळून सी झाला, म्हणून दोन सी. 'कॉम'चा एक एम आणि मूळ शब्दाचा दुसरा, म्हणून दोन एम. ही उकल एकदा केली, की ते स्पेलिंग सहसा चुकत नाही.

तिसरा मुद्दा दवाखान्यातला आहे.

आज घरोघरी वैद्यकीय अहवाल येतात. ते इंग्रजीत असतात आणि घाबरवतात. पण वैद्यकीय इंग्रजी ही सगळ्यात शिस्तीची इंग्रजी आहे, कारण ती जवळपास पूर्ण उपसर्ग-प्रत्ययांची बनलेली आहे. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. ग्रीकमध्ये हा नुसता 'त्याविषयीचा' असा विशेषणाचा प्रत्यय होता. सांध्यांविषयीचा रोग म्हणताना पुढचा 'रोग' हा शब्द गळला आणि सगळा भार प्रत्ययावर आला. 'आर्थ्रायटिस', 'टॉन्सिलायटिस', 'हिपॅटायटिस': आधी अवयव ओळखा, मागे सूज. 'टॉमी' म्हणजे छेद घेणे. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणे. 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करून ठेवणे, कारण ग्रीकमध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड. गळ्याशी श्वासनलिकेला छिद्र करून नळी ठेवतात ती 'ट्रेकिऑस्टॉमी'. अपेंडिक्स काढून टाकतात ती 'अपेंडेक्टॉमी'. मघाशी ज्या 'ॲटम'मध्ये न कापता येणारा असा अर्थ पाहिला, त्यातले कापणे ते हेच.

'हायपो' आणि 'हायपर' यांचा गोंधळ तर घातक ठरू शकतो. फोनवर ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात. मधुमेही माणसाला 'हायपोग्लायसेमिया' झाला म्हणजे रक्तातली साखर खाली गेली, आणि शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर द्यावी लागते. 'हायपर' झाला म्हणजे साखर वर गेली, आणि तिथे साखर देणे उलट होईल. घरातल्या प्रत्येकाने हे कसे लक्षात ठेवावे? 'हायपो' म्हणजे 'उप', खालचा, उपमहापौर असतो तसा. 'हायपर' म्हणजे 'उपरि', वरचा. थायरॉइड असो, रक्तदाब असो, साखर असो, हे दोन उपसर्ग तेच राहतात.

मात्र प्रत्यय ऐकून निदान करू नये. 'ओमा' हा प्रत्यय ऐकला की लोकांच्या पोटात गोळा येतो. 'लिम्फोमा' हा कर्करोग आहे, खरे. पण 'लायपोमा' ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते, 'हिमॅटोमा' म्हणजे साकळलेले रक्त, आणि 'ग्लॉकोमा' हा डोळ्याचा विकार, त्यात गाठ नसतेच. प्रत्यय दिशा दाखवतो, निर्णय डॉक्टरांचा.

रसायनशास्त्रातही प्रत्ययांनी क्रांती केली आहे. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये ग्वितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी पदार्थांच्या नावांची नवी पद्धत मांडली. त्याआधी नावे रंगावरून, गावावरून, रूपावरून पडत. आपल्याकडेही तसेच. मोरचूद म्हणजे मोराच्या रंगाचे निळे खडे. नाशिककडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर ते वापरतात. हिराकस ही दुसरी वस्तू, हिरवट खड्यांची. मोरचूद आणि हिराकस या नावांवरून त्यांच्यात काही नाते आहे असे कळते का? नाही कळत. 'कॉपर सल्फेट' आणि 'आयर्न सल्फेट' म्हटले, की धातू वेगळे पण मागचा भाग एकच, हे नावच सांगते. 'सल्फाइड'मध्ये ऑक्सिजन नाही, 'सल्फाइट'मध्ये आहे, 'सल्फेट'मध्ये आणखी आहे. तीन प्रत्ययांत तीन घटना. नववी-दहावीचे विद्यार्थी ही नावे घोकतात, आणि त्यामागे एक विचारपूर्वक केलेली रचना आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. याची मला खंत वाटते. आणि 'मोरचूद' हा शब्द मात्र मला सोडवत नाही. त्याचा रंग त्याच्या नावात आहे, तो तसाच राहावा.

आता फसव्या जागांबद्दल. थोडक्यात सांगतो.

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लॅमेबल' असे लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नकार, असे पाठ केलेला मुलगा याचा अर्थ काय करील? 'न पेटणारे'! इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत' या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये 'इन्फ्लॅमारे' म्हणजे पेटवणे. याच धोक्यामुळे पुढे 'फ्लॅमेबल' हे आखूड रूप रूढ केले गेले. शरीरातल्या सुजेला 'इन्फ्लमेशन' म्हणतात तोही हाच शब्द, आणि आपणही त्याला 'दाह' म्हणतो. दोन्हीकडे आग तीच.

'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल का? ज्याला मराठीतला 'अमूल्य' माहीत आहे तो असा प्रश्न विचारणार नाही. अमूल्य म्हणजे मोल करता येणार नाही इतके मोठे.

'अन'ही दोन आहेत. 'अनहॅपी'तला नकाराचा, आणि 'अनलॉक', 'अनडू' यांतला केलेले उलटवण्याचा. त्यामुळे 'अनलॉकेबल' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. आधी 'लॉकेबल' केले आणि मग 'अन' लावला, तर ज्याला कुलूप लावता येत नाही ते. आधी 'अनलॉक' केले आणि मग 'एबल' लावला, तर ज्याचे कुलूप काढता येते ते. अक्षरे तीच, जोडण्याचा क्रम बदलला आणि अर्थ उलटा झाला. आपल्याकडे समासाचा विग्रह सोडवायला शिकवतात, ती बुद्धी इथे कामाला येते.

आणि लोक शब्द कुठे तोडतील याचा नेम नाही. 'हेलिकॉप्टर'चे खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर'. पहिला म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा, दुसरा म्हणजे पंख. तोच 'प्टर' संस्कृतात 'पत्र', कारण पत्र म्हणजे आधी पंख आणि मग पान. लोकांनी मात्र तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडला, आणि त्यातून 'हेलिपॅड' निघाले, 'क्वाडकॉप्टर' निघाले. हे चूक आहे का? व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक. भाषेच्या दृष्टीने नाही. 'बस'ही अशीच तोडून झाली होती.

आता उपसर्गांविषयीच्या एका जुन्या वादाकडे येतो. यास्क या प्राचीन आचार्याने 'निरुक्त' या ग्रंथात तो नोंदवला आहे. शाकटायनाचे म्हणणे, उपसर्गाला स्वतंत्र अर्थ नसतो, तो धातूच्या संगतीतच उजळतो. गार्ग्याचे म्हणणे, उपसर्गाला स्वतःचे अर्थ असतात. संस्कृतच्या वर्गातले ठरलेले उदाहरण 'हृ' धातूचे आहे. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार: धातू एक आणि अर्थ पाच दिशांना. इंग्रजीत याची जोडी हवी तर 'फर' घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणे, आणि तो आपल्या 'भृ' धातूचा भाऊ. 'रेफर', 'प्रिफर', 'इन्फर', 'कॉन्फर', 'ट्रान्सफर'. 'ट्रान्सफर'चा अर्थ तुकड्यांवरून लागतो. 'इन्फर', म्हणजे अनुमान काढणे, हा अर्थ तुकड्यांवरून कुणाला लागेल? शाकटायन आणि गार्ग्य दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे माझे मत आहे. म्हणून मुलांना सांगावे, की तुकडे करून अर्थाचा अंदाज बांधा आणि वाक्यात तो बसतो का ते पाहा. दोन्ही पायऱ्या हव्यात.

उच्चाराचीही एक गोष्ट राहिली. मराठीत आपण अक्षरावर इंग्रजीसारखा आघात देत नाही. इंग्रजीत काही प्रत्यय आघाताची जागाच हलवतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. घरगुती 'नेस', 'फुल', 'लेस' असे करत नाहीत. 'हॅपी'चा जोर 'हॅपिनेस'मध्ये जागचा हलत नाही. बाहेरून आलेले 'इक', 'इटी', 'शन' मात्र हलवतात. आपल्या मुलांचे इंग्रजी बोलणे अडते ते पुष्कळदा इथे, आणि त्याला कुणी कारण सांगत नाही.

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, तो मी आज उकरत नाही. पण त्या वर्गांत बसलेली पहिली मुले आता तिशीत आली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना आजही इंग्रजी म्हणजे पाठ केलेल्या शब्दांचा ढीग वाटतो. आपण मराठी माध्यमातले, म्हणून मागे, हे त्यांच्या मनात रुतले आहे. हे ऐकले की मला वाईट वाटते, कारण ते खरे नाही. उपनगर, परिमिती, अनाम, दुष्काळ, उल्लेख हे शब्द ज्याच्या ओठांवर आहेत, त्याच्याजवळ इंग्रजीच्या ग्रीक-लॅटिन शब्दांचा मोठा वाटा ओळखण्याची किल्ली आहे. इंग्रजी घरात जन्मलेल्या मुलालाही ती शाळेत शिकावी लागते.

मग करायचे काय? इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक तास मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. एकाने फळ्याच्या डाव्या बाजूला 'उप' लिहावे, दुसऱ्याने उजव्या बाजूला 'सब'. दोन्हीकडचे शब्द मुलांनीच सांगावेत. एका तासाला एकच उपसर्ग, जास्त नको. जिथे शंका येईल तिथे मुलांसमोर शब्दकोश उघडावा, आणि उत्तर सापडले नाही तर तसे सांगावे. विरुद्धार्थी शब्दांचे तक्ते पाठ करून घेणे थांबवावे. आणि पालकांनो, मुलाला इंग्रजी यावे म्हणून घरातली मराठी कमी करू नका. उलट तिच्यातले अवघड शब्द, संस्कृतातून आलेले जोडशब्द त्याच्या कानावर पडू द्या. ते त्याला इंग्रजीतही उपयोगी पडणार आहेत. हा तास येत्या जूनपासून आपल्या शाळेत सुरू करा, एवढेच मागणे घेऊन मी आज आपल्यापुढे आलो आहे.